फ्रिहोलेस रेफ्रितोस घरी करताना: दाणे, काल्दो आणि चरबी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत असताना मेक्सिकन खाणावळीत खाल्लेले ‘रिफ्राइड बीन्स’, म्हणजेच फ्रिहोलेस रेफ्रितोस (राजम्यासारखे दाणे शिजवून, तेलात घोटून केलेला पदार्थ), तुम्ही आता पुण्यात घरी करून बघता. राजमा कुकरला लावता, पाणी निथळून तो मॅश करता आणि वरून जिरं-लसणाची फोडणी देता. चव मात्र राजम्याच्या कोरड्या भाजीसारखी येते, खाताना पिठूळ लागतं आणि थंड झालं की गोळा होतो. शिवाय घरात डुकराची चरबी चालत नाही, तर तिच्याविना जमेल का, आणि एकदम करून ठेवता येतील का, असंही तुम्ही विचारलं आहे.

मी अकरा वर्षं मेक्सिकोत, ग्वादालाहारा शहरात राहिले आणि पुण्यात परतल्यावर घरून मेक्सिकन जेवणाच्या ऑर्डरी घेते. दर आठवड्याला निदान पाच किलो दाणे माझ्या हाताखालून जातात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी नाव, कारण निम्मा गोंधळ तिथून सुरू होतो. ‘रिफ्राइड’ वाचलं की वाटतं, दाणे दोनदा तळायचे. मेक्सिकोच्या स्पॅनिश बोलीत मात्र शब्दाआधी ‘रे’ लावला की त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘खूप’, ‘चांगलं’ असा होतो. तेव्हा फ्रिहोलेस रेफ्रितोस म्हणजे छान, खमंग परतलेले दाणे. तळणं एकदाच होतं, पण ते पदार्थाच्या मध्यभागी असतं. तुमच्या कृतीत ते शेवटच्या फोडणीपुरतं उरलं आहे. लगदा आधी तयार झाला आणि तेल त्याच्यावर पडलं. मेक्सिकोत तेल आधी तापतं, त्यात कांदा लाल होतो, आणि दाणे त्या तेलातच घोटले जातात. एवढ्या फरकाने पदार्थ बदलतो.

दुसरी चूक पाणी निथळण्याची. तिकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी शिजलेले दाणे चाळणीत ओतायला घेतले आणि घरमालकीणबाईंनी माझा हात धरला. त्यांनी खाली पातेलं लावलं, ते तपकिरी, दाटसर पाणी त्यात घेतलं, एक चमचा मला चाखायला दिला आणि मगच पुढे जाऊ दिलं. त्याला तिकडे काल्दो म्हणतात. आपल्याकडे कटाच्या आमटीसाठी पुरणाच्या डाळीचं पाणी जसं जपून ठेवतात, तसंच त्याचं आहे. दाण्यातली निम्मी चव, थोडं स्टार्च आणि मीठ त्या पाण्यात उतरलेलं असतं. ते मोरीत गेलं की तुमच्याकडे फक्त चोथा उरतो. मग तो ओला करायला साधं पाणी घालावं लागतं आणि चव आणखी पातळ होते. तुमचा पिठूळपणा आणि गोळा होणं, दोन्हींचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

आता दाणे कोणते घ्यायचे. मेक्सिकोत याचं उत्तर प्रांताप्रांताला बदलतं. उत्तरेकडे पिंटो आणि बायो, ग्वादालाहारा ज्या हालिस्को राज्यात आहे तिथे पिवळसर पेरुआनो आणि गुलाबी ठिपक्यांचा फ्लोर दे मायो, आणि वेराक्रूस, वाहाका, युकातान अशा दक्षिण-पूर्वेकडच्या भागांत काळे दाणे. तुम्ही अमेरिकेत खाल्ले ते बहुधा पिंटोचेच असणार. हे सगळे एकाच जातीचे, आणि आपला राजमा किंवा श्रावण घेवडा हाही त्याच जातीचा. या वेलाचं मूळ घर अमेरिका खंड. सोळाव्या शतकापासून युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर तो जगभर गेला आणि आपल्याकडेही पोचला. मेक्सिकोत मात्र तो हजारो वर्षं मक्याच्या शेतात, मक्याच्याच ताटाला धरून चढतो आहे, खाली लाल भोपळ्याचे वेल पसरलेले. या मिश्र शेताला तिथे मिल्पा म्हणतात.

मोठा गडद लाल राजमा मी या पदार्थाला घेत नाही. त्याची साल जाड, चव थोडी उग्र आणि घोटल्यावरही सालीचे तुकडे जिभेला लागतात. पुण्यात सहज मिळणाऱ्यांत चित्रा राजमा बरा. त्याहून चांगला साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा. त्याला भौगोलिक मानांकन आहे. फिकट गुलाबी अंगावर लाल रेघा, दिसायला पिंटोच्या जवळ जाणारा, चवीला किंचित गोडसर. शिजला की रेघा नाहीशा होतात आणि सगळा घाणा एकसारखा तपकिरी-गुलाबी दिसतो, पिंटोचंही नेमकं तसंच होतं. जम्मूचा बारीक राजमाही चालतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी सरळ पिंटोचं पाकीट आणावं. चवळी, पावटा, डबल बी मात्र इथे चालत नाहीत, त्यांची चवच वेगळी आहे.

दाणे जुने नसावेत, आणि ही गोष्ट मी प्रकारापेक्षाही महत्त्वाची मानते. दमट, गरम हवेत वर्षभर पडलेला राजमा कितीही भिजवा, कितीही शिट्ट्या करा, आतून कणीदार राहतो. पोत पिठूळ लागतो तो यामुळेही. नवा दाणा पूर्ण शिजला की आतल्या पेशी एकमेकींपासून अलगद सुटतात आणि घोटल्यावर लोण्यासारखा लागतो. अर्धकच्चा किंवा जुना दाणा दाबला की त्याचे खरबरीत कण होतात. दुकानदाराला या हंगामाचा माल कोणता ते विचारा, आणि रंग मळका, साल सुरकुतलेली असेल तर घेऊ नका.

२५० ग्रॅम दाणे घ्या. पाचसहा माणसांना पुरतात. निवडून, धुऊन एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट मोठा चमचाभर, विरघळवून त्यात रात्रभर भिजत घाला. मेक्सिकोतल्या बहुतेक अनुभवी बायका मीठ आधी घातलं तर दाणा कडक राहतो असं सांगतात आणि शेवटीच घालतात. त्यांच्याकडून मी बाकी सगळं शिकले, पण ही गोष्ट माझ्या अनुभवाला उतरली नाही. साल कडक ठेवतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. भिजवणीतल्या मिठाचं सोडियम सालीत त्यांची जागा घेतं आणि साल मऊ होते, फाटत नाही. दाणा आतपर्यंत खारवतो तो वेगळा फायदा. कॅल्शियम पाण्यातही असतं. म्हणून बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात राजमा शिजता शिजत नाही. असं पाणी असेल तर भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी वापरा. नाइलाजच असेल तर भिजवताना चिमूटभर सोडा चालतो, पण चिमूटच. जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि ती पुढे कशानेही झाकत नाही.

टोमॅटो, लिंबू, चिंच, आमसूल, काहीही आंबट शिजताना नको. आंबटाने दाणा मऊ होणं थांबतं.

भिजवणीचं पाणी मात्र टाकून द्या. जपायचं ते शिजल्यानंतरचं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, लाल राजम्यात सर्वांत जास्त. चारपाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या-जुलाब होऊ शकतात. निदान पाच तास भिजवणं, पाणी बदलणं आणि नव्या पाण्यात चांगला अर्धा तास खळखळ उकळणं, एवढं केलं की ते नाहीसं होतं. कुकरमध्ये तर प्रश्नच उरत नाही. धोका आहे तो मंद आचेवर आठ-दहा तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, जे परदेशातल्या आपल्या अनेक घरांत असतं. त्यात उकळी येईलच असं नाही, आणि दाणा दिसायला मऊ झाला तरी ते द्रव्य शिल्लक राहू शकतं. ते भांडं वापरायचंच असेल तर दाणे आधी शेगडीवर अर्धा तास खळखळ उकळून मग त्यात घाला.

आता शिजवणं. अर्धा कांदा थेट आचेवर धरून बाहेरून काळा होईपर्यंत भाजून घ्या, वाटणासाठी आपण भाजतो तसा. तिकडेही कोमालवर, म्हणजे सपाट तव्यावर, कांदा-टोमॅटो असेच करपेपर्यंत भाजायची रीत आहे. हा कांदा, दोनतीन अख्ख्या लसूणपाकळ्या, भिजलेले दाणे आणि दाण्यांवर तीन बोटं येईल इतकं नवं पाणी, एवढंच कुकरमध्ये. कुकर अर्ध्याहून जास्त भरू नका, फेस येतो. चमचाभर तेल टाकलं तर फेस आवरतो. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून वीस ते पंचवीस मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्या. उघड्या पातेल्यात दीड-दोन तास लागतात. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंच आहे. तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून साध्या भांड्यात दाणे तासन् तास लागतात आणि घरोघरी कुकर असतो. कुकर वापरणं म्हणजे अस्सलपणा सोडणं नव्हे. मातीच्या भांड्यात, म्हणजे ओयात, शिजवलेल्याची चव अधिक गोड लागते हे मी मान्य करते, पण रोजच्या स्वयंपाकात ती माणसंही कुकर लावतातच.

शिजला की नाही हे बघायला एक दाणा जिभेने टाळूवर दाबा. दात न लावता पूर्ण विरघळला पाहिजे, सालीसकट. कुठेही कणी लागली तर परत दहा मिनिटं लावा. इथे घाई केलीत तर पुढे कितीही घोटा, ती कणी राहणारच.

आणि मग, जमलं तर, त्या दिवशी तिथेच थांबा. शिजलेले दाणे काल्दोतच थंड करून फ्रीजमध्ये ठेवा. मेक्सिकन घरांत क्रम साधारण असाच असतो. पहिल्या दिवशी ओयातले दाणे काल्दोसकट वाटीत, वर चिरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांचे रेफ्रितोस. रात्रभरात काल्दो दाट होतो आणि चव मुरते. उसळ दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

चरबीकडे येते. पारंपरिक चरबी म्हणजे मान्तेका, डुकराची वितळवलेली चरबी. ती मेक्सिकोत आली स्पॅनिश लोकांबरोबर. त्यांच्या आधी तिथे पाळीव डुक्कर नव्हतं आणि चरबीत तळण्याची रीतही नव्हती. दाणे उकडून, वाटून, मक्याच्या पिठात भरून खाल्ले जात. म्हणजे रेफ्रितोस हा पदार्थच मुळी दोन जगांची गाठ पडल्यावरचा आहे. दाणा तिथला, चरबी समुद्रापलीकडची. हे मी मुद्दाम लिहिते, कारण चरबी बदलली तर पदार्थ बाटला असं समजायचं कारण नाही. शहरांतली कितीतरी मेक्सिकन कुटुंबं आज साध्या तेलात रेफ्रितोस करतात.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, जमेल. पण तेल कोणतं, याला महत्त्व आहे. मी शेंगदाण्याचं घाण्याचं तेल वापरते. त्याला स्वतःचा खमंगपणा आहे आणि तो दाण्यांशी जुळतो. रिफाइंड सूर्यफुलाचं तेल मिळमिळीत लागतं. साजूक तुपात मी सुरुवातीला बरेच प्रयोग केले. लागतं छान, पण वास थेट वरणाकडे जातो. लोण्याने पावभाजी आठवते. चरबी दोन गोष्टी देते, एक म्हणजे जिभेला लागणारा गुळगुळीतपणा आणि दुसरी भाजलेल्या मांसाचा हलका वास. पहिली कोणतंही तेल पुरेशा प्रमाणात दिलं की मिळते. दुसरीची जागा भरपूर लाल केलेला कांदा बऱ्याच अंशी भरून काढतो. चिपोत्ले, म्हणजे धुरावर सुकवलेली हालापेन्यो मिरची, मिळाली तर तिचा नखाएवढा तुकडा घाला, तेवढा धूर पुरतो.

ज्यांच्या घरी चालतं, गोव्यात किंवा इतरत्र, त्यांनी डुकराची कच्ची चरबी बारीक चिरून, पाव वाटी पाणी घालून, अगदी मंद आचेवर तासभर वितळवावी आणि गाळून बरणीत भरावी. रंग थोडा तांबूस आला तरी उतरवू नका, चव त्यातच असते.

प्रमाण ऐकून दचकाल: २५० ग्रॅम कोरड्या दाण्यांना पाच मोठे चमचे तेल. सहा माणसांत वाटलं जातं हे ध्यानात घ्या. दोन चमच्यांत केलेत तर ते घोटलेले दाणे होतील, चांगलेही लागतील, पण ज्या चवीची तुम्हाला आठवण येते ती यायची नाही. कमी तेलाचं खायचं असेल त्या दिवशी मी रेफ्रितोस करतच नाही, ओयातले दाणे काल्दोसकट खाते.

आता खरं काम, आणि इथे पंचवीस मिनिटं शेगडीपासून हलायचं नाही.

बिडाची कढई किंवा जाड बुडाचं पसरट भांडं घ्या. नॉनस्टिक नको, कारण आपल्याला तळाशी थोडं धरायला हवं आहे. तेल तापवा, मध्यम आच. एक सुकी लाल मिरची टाकून फुगली, काळसर झाली की बाहेर काढा. तिचा तिखटपणा तेलात उतरला, तेवढा पुरे. त्यात अर्धा कांदा बारीक चिरून घाला आणि आठ-दहा मिनिटं, गडद सोनेरी ते तांबूस होईपर्यंत परता. गुलाबी झाल्यावर थांबू नका. बिर्याणीच्या कांद्याच्या एक पायरी अलीकडे, असा रंग हवा. काही बायका हा कांदा इथे काढून टाकतात, कारण त्यांना फक्त त्याचा वास हवा असतो. मला तो आत आवडतो.

आच थोडी वाढवून पहिली पळी दाणे घाला, काल्दो अगदी थोडा घेऊन. चर्र असा मोठा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर तेल गार आहे. अंगावर उडतं, म्हणून लांब दांड्याची पळी घ्या. हे पहिले दाणे तेलातच घोटायचे. तिकडे त्यासाठी लाकडाचा माचाकादोर असतो, आपली लाकडी डाळघोटणी किंवा पावभाजीचा मॅशर तेच काम करतो. ते तेलाशी एकजीव झाले की दुसरी पळी, पुन्हा घोटणं, मग तिसरी. सगळे दाणे एकदम ओतलेत तर तेल एका क्षणात गार पडतं, बाजूला तरंगत राहतं आणि दाणे तळण्याऐवजी उकडले जातात. पळी-पळीने घातल्यावर प्रत्येक घासाला तेल लागतं आणि वर तेलाचा तवंग दिसत नाही.

सगळे दाणे आत गेले की काल्दो घालायला लागा, अर्धी-अर्धी वाटी. एकूण दीड-दोन वाट्या सहज लागतात. आधी सगळं पातळ आमटीसारखं दिसेल, घाबरू नका. मध्यम आचेवर ते रटरटू द्या, पिठल्यासारखं. आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: मिनिटभर हात लावू नका. तळाशी तपकिरी थर धरू द्या, पिठल्याची खरवड धरते तसा. मग उलथन्याने तो पूर्ण खरवडून आत दुमडा. पुन्हा थोडा काल्दो, पुन्हा मिनिटभर थांबणं, पुन्हा खरवडणं. असं पाच-सहा वेळा. खाणावळीतल्या रेफ्रितोसमध्ये जो खोल, भाजका स्वाद असतो, तो या थरांतून येतो, कोणत्याही मसाल्यातून नव्हे. थर तपकिरी हवा. काळा झाला तर तो न खरवडता वरचं दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, नाहीतर सगळ्याला कडवटपणा लागेल.

झालं हे कसं ओळखायचं? भांड्याच्या मधून उलथनं ओढा. मागे पडलेली वाट दोन सेकंद उघडी राहून हळूच मिटली पाहिजे. भांडं हलवलं की सगळं मिळून एकत्र सरकतं, कडा सोडतं आणि कडेला तेलाची बारीक चमक दिसते. तुम्हाला जेवढं घट्ट हवं आहे त्याच्या दोन पायऱ्या आधी उतरवा. निवताना स्टार्च घट्ट होतंच. तुमचा गोळा व्हायचा तो याही कारणाने. तुम्ही गरम असतानाच हवा तितका घट्ट करून उतरवत होतात. मीठ सगळ्यात शेवटी चाखून घाला, कारण काल्दो आटतो तसा खारटपणा वाढतो.

पूर्ण गुळगुळीत करू नका. तीन हिस्से घोटलेलं, एक हिस्सा अर्धवट राहिलेले दाणे, असं मला हवं असतं. मिक्सर वापरायला हरकत नाही. तिकडेही, विशेषतः काळ्या दाण्यांना, सर्रास वापरतात, पण काल्दो घालून, पातळ फिरवून, आणि मग परतून आटवतात. कोरडे दाणे मिक्सरमध्ये फिरवलेत तर खळीसारखं चिकट होतं.

मसाल्यांबद्दल. जिरं काढून टाका. जिरं घातलेले दाणे सीमेपलीकडच्या टेक्सासच्या स्वयंपाकात भेटतात. मेक्सिकोतल्या घरच्या रेफ्रितोसमध्ये मला ते सहसा दिसले नाहीत. आपल्या नाकाला तर जिरं आलं की लगेच उसळ आठवते, म्हणून तुमच्या कढईतून ते पहिलं जायला हवं. हळद, हिंग, धणेपूड, गरम मसाला, काही नको. तिकडे दाण्यांच्या भांड्यात एपासोते नावाच्या पाल्याची डहाळी घालतात. चव उग्र, थोडी रॉकेलच्या वळणाची, आणि पोटात वारा धरत नाही म्हणून घालतात, आपण हिंग घालतो त्याच विचाराने. ती वनस्पती चाकवताच्या कुळातली आहे, पण चाकवताला तो वास नाही, त्यामुळे त्याने काम भागत नाही. मिळाला नाही तर सोडून द्या. हालिस्कोत कितीतरी घरांत तो घालतच नाहीत. परदेशी पाककृतीत ‘बे लीफ’ लिहिलेलं दिसलं म्हणून आपलं तमालपत्र घालू नका. ते वेगळ्या झाडाचं पान आहे, लवंग-दालचिनीच्या वळणाचा वास देतं आणि सगळं पुलावाकडे ओढतं. वाहाकात काळ्या दाण्यांत अव्होकाडोचं भाजलेलं पान घालतात, बडीशेपेसारखा सुंदर वास येतो. पण तो तिथल्या विशिष्ट झाडाच्या पानांचा गुण आहे, इथल्या कुठल्याही झाडाची पानं अंदाजाने तोडून घालू नयेत.

प्रांतांचा विषय निघालाच आहे तर दोन पद्धती जरूर करून बघा. युकातानमध्ये काळे दाणे शिजवून, वाटून गाळणीतून काढतात आणि मग परततात. साल अजिबात राहत नाही, जवळजवळ सॉससारखं रेशमी होतं. वेराक्रूसमध्ये उलट. काळे दाणे इतके आटवतात की पॅन तिरका करून हलवत हलवत त्याची लांबट वळकटी होते, ती अख्खी ताटलीत काढतात आणि तळलेले मक्याचे तुकडे, तोतोपोस, तिच्यात खोचतात. सिनालोआत चोरिसो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज), चीज घालून केलेले ‘फ्रिहोलेस पुएर्कोस’ लग्नाकार्यात असतात. तो फार जड पदार्थ आहे, रोजचा नव्हे.

वाढताना वर केसो फ्रेस्को कुस्करतात, ओलसर, खारट, न वितळणारं ताजं चीज. घरी पनीर चांगलं दाबून पाणी काढा, हाताने चुरा, जरा जास्तच मीठ लावून दोनतीन तास फ्रीजमध्ये ठेवा. प्रक्रिया केलेलं चौकोनी चीज यावर किसू नका, ते वितळून सगळ्याची चव झाकतं.

पुण्यात मी याचे मोयेतेस सर्वांत जास्त विकते. मेक्सिकोत बोलियो नावाचा कडक सालीचा पाव मधून चिरून, त्यावर रेफ्रितोस आणि चीज घालून भट्टीत भाजतात, वर कच्च्या कांदा-टोमॅटोची कोशिंबिरीसारखी साल्सा. न्याहारीचा पदार्थ. गोव्याचा कडक उंडो त्याला फार छान लागतो, आणि पुण्यात तो नसेल तेव्हा मी ब्रुन वापरते. लादीपाव मऊ असल्याने ओला होतो. मुलांच्या डब्याला हेच न भाजता, पोळीत गुंडाळून द्या.

राहिला करून ठेवण्याचा प्रश्न. गरम भांडं ओट्यावर रात्रभर ठेवू नका. दोन तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये टाका. चार दिवस उत्तम राहतात. फ्रीझरमध्ये दोन महिने, पण लहान लहान डब्यांत, म्हणजे लागेल तेवढंच काढता येतं. मी ऑर्डरीच्या आठवड्यात शिजलेले दाणे काल्दोसकट फ्रीझ करते आणि परतायचं काम त्या त्या दिवशी करते, कारण ताज्या परतण्याचा वास डब्यातून काढलेल्याला येत नाही. परतलेलेच ठेवले असतील तर थोडा काल्दोही वेगळ्या बाटलीत राखून ठेवा. गरम करताना कढईत चमचाभर तेल, त्यावर ते घट्ट दाणे, आणि कडेने पाव वाटी काल्दो सोडून झाकण ठेवा. दोन मिनिटांनी उलथन्याने मोडा, ते पुन्हा सैल होतील.